नाना आणि पाच व्होल्ट

आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीत बिघाड झाला, की तो आधी नाना गॅलरीत आहेत का ते बघतो. नसतील तर गाडी हळूच गेटबाहेर काढायची आणि गॅरेज गाठायचं. असतील तर रविवार गेला म्हणून समजायचं. नाना पहिल्या मजल्यावर राहतात आणि पार्किंगचा चढ नेमका त्यांच्या गॅलरीखालून जातो. त्या चढावर इंजिन जरा अडखळलं तरी वरून हाक येते, "आयडलिंग हलतंय हो तुमचं!" तोंडाला दाढीचा फेस, खांद्यावर टॉवेल, पण कान खाली. आपण "हो हो, दाखवतो गॅरेजला" म्हणत काच वर करेपर्यंत नाना फेस पुसून जिना उतरायला लागलेले असतात.

नानांनी सगळी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत काढली, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. लाईन बंद पडली की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि सुपरवायझर घड्याळ बघत डोक्यावर उभा राहायचा. निवृत्तीनंतर त्या घड्याळाचा ते पुरेपूर सूड उगवतायत. घाई करणारा माणूस त्यांना चालत नाही. "घाई आहे? मग रिक्षा करा," असं ते सोसायटीतल्या डॉक्टरांनाही म्हणाले होते. गाडी डॉक्टरांची होती, त्यांना ऑपरेशनला जायचं होतं, आणि नानांनी एअर फिल्टरचा डबा नुकताच उघडून ठेवला होता. डॉक्टर खरोखरच रिक्षानं गेले.

गंमत म्हणजे नानांकडं स्वतःची चारचाकी नाही. एक जुनी स्कूटर आहे. सुरू करण्याआधी तिला एका अंगावर कलती करावी लागते, मग किक. तिच्यात सेन्सर औषधालाही नाही, आणि ती बिघडली की नाना कोपऱ्यावरच्या पोराकडं ढकलत नेतात. स्वतः हात लावत नाहीत. "तिच्यात शोधण्यासारखं काय आहे? एक तर प्लग, नाही तर कार्बुरेटर."

असे नाना जागोजाग असतात. कुणाचे सासरे, कुणाचे थोरले साडू, कुणाच्या ऑफिसातले निवृत्त हेडक्लार्क. सगळ्यांची खूण एकच. त्यांना दुरुस्तीत रस नसतो, दोष शोधण्यात असतो. दोष एकदा सापडला की आमच्या नानांचा चेहरा उतरतो. "आता काय, जोडून टाका," म्हणतात आणि हात पुसतात. शोध लांबला की मात्र खुलतात. सगळं तपासून झालंय, सगळं ठीक निघालंय आणि गाडी तरीही झटके देतेय, अशा वेळी मालक रडकुंडीला येतो आणि नाना मांडीवर थाप मारून म्हणतात, "छान! काहीच सापडत नाहीये!"

त्यांचा खरा वैरी म्हणजे "बदलून बघू" हे दोन शब्द. गॅरेजमधला मुलगा सहज बोलून जातो, सेन्सर बदलून बघू, कॉइल बदलून बघू. नानांच्या कपाळाची शीर उडते. "बघू म्हणजे काय? बघायचं त्यानं आणि पैसे तुमचे? आधी दोष सापडू दे, मग पाना उचल."

आणि दोषांमधला त्यांचा लाडका दोष म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. हे नाव ते पूर्ण उच्चारतात, टीपीएस म्हणत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव तोडायचं नसतं, तेवढा मान. मला हे सगळं त्यांच्याकडूनच कळलं, तेही बॉनेटखाली डोकं घालून. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी एक चकती उघडते. ती किती उघडली हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवायचं काम तिच्या कडेला बसवलेल्या एका छोट्या काळ्या डबीचं. डबीला तीन वायरी. एकीवरून कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थिंगची, तिसरीवरून उत्तर परत जातं. पाय वर असला तर उत्तर साधारण ०.५ व्होल्ट, तळाला टेकवला तर साधारण ४.५. मधल्या प्रवासात आकडा न अडखळता चढला पाहिजे. बस, एवढंच.

"जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवतं? फिरवताना एका ठराविक जागी खरखर यायची. तेच हे. आत कार्बनची पट्टी, तिच्यावर घासणारा एक हात. आता सांगा, पट्टी झिजेल कुठं?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात आणि उत्तराला दोन क्षणही देत नाहीत. "जिथं पाय जास्त असतो तिथं! चापेकर चौकाच्या गर्दीत कोण पूर्ण दाबतंय? जेमतेम टेकवलेला पाय, तिथंच मागं-पुढं. म्हणून सुरुवातीची पट्टी आधी जाते." मग झिजलेल्या जागेवरून पाय गेला की उत्तर क्षणभर गायब. कॉम्प्युटरला वाटतं, पाय काढला; तो पेट्रोल आखडतो. लगेच उत्तर परत येतं, तो सोडतो. गाडीतल्या माणसांच्या माना हलतात, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "नीट चालव की रे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाची गाडी अशीच झटके द्यायला लागली. साताऱ्याला सासुरवाडीला जाताना खंबाटकीच्या चढाला ती सरळ बंदच पडली, मेव्हण्याच्या साखरपुड्याची मिठाई डिकीत. गॅरेजनं स्कॅनर लावला, कोड आला पी ०१२२. सेन्सरच्या नावाचा कोड, म्हणून सेन्सर बदलला. पंधरवडा बरा गेला आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा पुन्हा हजर. गॅरेज म्हणालं, आता ईसीएम, म्हणजे तो कॉम्प्युटरच, बदलून बघू. त्याचा आकडा ऐकल्यावर मुलगा स्वतःहून नानांकडं आला. इतिहासात नोंद व्हावी अशी ही गोष्ट. एरवी नानांकडं कुणी येत नाही, नानाच जातात.

आधी जबानी झाली. बॉनेटला हात न लावता. गार असताना होतं की तापल्यावर? एसी लावल्यावर? पावसानंतर? चढालाच का? डावीकडं वळताना की उजवीकडं? मुलगा गोंधळला. "नाना, वळण्याचा काय संबंध? कोड तर आलाय ना?"

नाना स्टुलावर बसले. हे चिन्ह चांगलं नसतं. "बाळा, पी म्हणजे पॉवरट्रेन. पुढचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. आणि ०१२२ म्हणजे काय? सेन्सर खराब? अजिबात नाही. उत्तराच्या वायरीवर व्होल्टेज फार कमी येतंय, एवढंच तो सांगतोय. का कमी येतंय हे त्याला माहीत नाही. सेन्सर गेला तर कमी येईल. पाच व्होल्टची वायर तुटली तर कमी येईल. उत्तराची वायर बॉडीला टेकली तरी कमीच येईल. आता सेन्सरची अर्थिंग सुटली असती तर?" मुलगा गप्प. "तर जास्त आलं असतं! ०१२३! मग कोड ही तक्रार आहे की निकाल?"

"तक्रार," मुलगा म्हणाला. कॉलेजनंतर बहुधा पहिल्यांदाच त्यानं असं उत्तर दिलं असावं.

मग विधी सुरू झाला. नानांचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. त्यात फ्यूज, इन्सुलेशन टेप, पॉलिशपेपरचे तुकडे आणि काट्याचा जुना मल्टिमीटर. त्यांच्या मुलानं अमेरिकेहून पाठवलेला डिजिटल मीटर खोक्यासकट कपाटात आहे. "आकडे उड्या मारतात, काटा बोलतो," म्हणतात. यात नानांचं म्हणणं खरं आहे. क्षणभर उत्तर गेलं तर आकडा ते दाखवेपर्यंत गेलेलं परत आलेलं असतं, पण काटा दचकतो. आणि डब्यात सगळ्यात खाली साडीच्या पिना. सेन्सरला वायरी जोडणाऱ्या कपलरच्या मागच्या बाजूनं, वायरीच्या कडेकडेनं पिन आत सरकवायची आणि तिला मीटरची टोकं लावायची. वायर सोलायची नाही, मधेच टोचायची तर नाहीच; भोक पडलं की पावसाळ्यात पाणी शिरतं. ही सगळी नाजूक काळजी वायरीची. पिनांच्या मालकिणीचा विचार या पद्धतीत बसत नाही. काकू एकदा लग्नाला निघताना जिन्यातून म्हणाल्या होत्या, "माझ्या पदराला एक नाही आणि यांच्या गाडीला दोन!"

मला तांत्रिक काम कुणी देत नाही. तेव्हा मला ॲक्सिलरेटर दाबायला बसवायचे. चावी ऑन, इंजिन बंद, आणि नानांचा आवाज बॉनेटपलीकडून: "हळू... अजून हळू... अहो, दाबू नका, टेकवा! परत पहिल्यापासून." काटा अर्ध्यापासून निघाला, चढत चढत साडेचारला गेला. कुठं दचकला नाही. सेन्सर नवा होता, ठीकच असणार. पाच व्होल्टच्या वायरीवर पाच. अर्थिंग ठीक. मुलानं कपाळावरचा घाम पुसला आणि नाना म्हणाले, "छान!"

पुढचा तास नाना वायरिंगच्या जुडग्यावर वीतवीत हात फिरवत होते. चिमटीत धरायचं, किंचित हलवायचं, काट्याकडं बघायचं, पुढं सरकायचं. वरून चहा आला, गार झाला, परत गेला. बॅटरीच्या ट्रेखाली जिथं जुडगं एका क्लॅम्पमधून वळतं, तिथं त्यांनी ते हलवलं आणि पाचवरचा काटा शून्यावर पडला. सोडलं, परत पाच. हलवलं, शून्य. नानांनी तीनदा हलवलं; त्यातलं एकदा तपासण्यासाठी आणि दोनदा हौसेनं. टेप सोडली तर वरचं प्लास्टिक शाबूत आणि आत तार तुटून हिरवी पडलेली. दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. चढाला जोर लावला की इंजिन आपल्या माउंटिंगवर किंचित कलतं, जुडगं ओढलं जातं, टोकं सुटतात. म्हणून खंबाटकीत बंद पडली, म्हणून वळण्याचा प्रश्न.

मुलगा नानांच्या पाया पडायच्या बेतात होता, पण नाना उठून चालू लागले होते. "घे कुणाकडून तरी जोडून. नीट सोल्डर करून स्लीव्ह घालायला सांग, नुसती पिळू देऊ नको."

संध्याकाळी डायरीत नोंद झाली. ही डायरी बघण्यासारखी आहे. सोसायटीतली प्रत्येक गाडी तिच्यात नंबरानिशी आहे: तारीख, लक्षण, तपासणी, दोष. माणसांची नावं नाहीत. नानांना शेजाऱ्यांची नावं पटकन आठवतही नाहीत. ते आम्हाला गाड्यांवरून ओळखतात. "तो काल क्लच घासणारा आला होता," म्हणतात, आणि आमच्या चेअरमनसाहेबांबद्दल बोलत असतात.

त्याच डायरीत एक पान दुमडलेलं आहे. ते काकू पाहुण्यांना उघडून दाखवतात. एका गाडीला पिकअप नव्हता. नानांनी पिना लावल्या, मला बसवलं. काटा गोडीगुलाबीनं चढला, पण तीनच्या थोडा पुढं जाऊन थांबला. साडेचार काही येईना. नानांनी दोन रविवार पट्टीच्या झिजेवर प्रवचन दिलं, केबल ढिली आहे का बघितली, चकतीवरचा कार्बन पुसला. शेवटी त्या घरातली सातवीतली मुलगी कंपासपेटी शोधायला गाडीत शिरली आणि म्हणाली, "आई, हे पायपुसणं ॲक्सिलरेटरखाली का गेलंय?" मॅटची कड दुमडून पेडलखाली अडकली होती. पेडल तळाला टेकतच नव्हतं. आता दुसरा कुणी असता तर त्यानं ही नोंद गाळली असती. नानांनी त्याच अक्षरात, त्याच गांभीर्यानं लिहिलंय: "कमाल ३.२ व्होल्ट. दोष: पायपुसणं. शोध: कु. सातवी." पुढच्या रविवारपासून ॲक्सिलरेटर दाबायला त्या मुलीला बोलावलं जातं. माझी बढती होऊन मी टॉर्च धरतो.

नव्या गाड्यांबद्दल नानांचं मत संमिश्र आहे. ॲक्सिलरेटरपासून चकतीपर्यंत केबलच नाही, मधे मोटर. पेडलला दोन सेन्सर, चकतीला दोन, आणि कॉम्प्युटर दोघांची उत्तरं ताडून बघतो. जुळली नाहीत तर पी २१३५ टाकतो आणि गाडीचा जोर काढून घेतो, कशीबशी घरी पोचा म्हणून. ही एकावर विश्वास न ठेवण्याची वृत्ती नानांना मनापासून आवडते. पण बऱ्याच गाड्यांत आता आत घासणारी पट्टीच राहिली नाही, चुंबकावर चालतं, हे कळलं तेव्हा ते जरा गप्प झाले. "घासायचंच नाही म्हटल्यावर मग..." म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडून स्कूटरकडं बघत राहिले. मोबाईलवर सेन्सरचा आलेख दाखवणारी ब्लूटूथची डबी एका पोरानं आणली होती, तीही त्यांनी उत्सुकतेनं बघितली. "चांगलं आहे. पण वायर हलवायला माणूस लागेलच ना?"

नानांचा मुलगा डेट्रॉइटजवळ असतो. तिकडं १९९६पासूनच्या गाड्यांना स्कॅनर लावायचं ते सोळा पिनांचं सॉकेट कायद्यानंच आलं, ही एक गोष्ट सोडली तर अमेरिकेबद्दल नानांना विशेष कौतुक नाही. मुलाकडं नोकरी लागल्यावर घेतलेली एक जुनी सेकंडहँड गाडी अजून आहे, केबलवाली. ती झटके द्यायला लागली आणि त्यानं फोनवर सहज सांगितलं. चूक केली. इकडं रविवार सकाळ, तिकडं शनिवारची रात्र, आणि व्हिडिओ कॉलवर नाना ओरडतायत, "कॅमेरा खाली घे, अजून खाली, कपलर दाखव!" काकूंना नात बघायची होती. त्या चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या आणि पडद्यावर थ्रॉटल बॉडी होती. "ही कुणावर गेली आहे?" त्यांनी थंडपणे विचारलं.

असे बरेच शनिवार गेल्यावर मुलानं कळवलं, नाना, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, कपलर साफ केला, गाडी पळतेय. नानांनी परत कॅमेरा खाली घ्यायला लावला. पडद्यावर काळाकुळीत, चकचकीत, एक ओरखडा नसलेला सेन्सर दिसत होता. नाना थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साफ छान केलास हो. जुना टाकला नाहीस ना? येताना घेऊन ये."

डिसेंबरमध्ये मंडळी आली. काकूंनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता, मलाही बोलावलं होतं. हातावर पाणी पडायच्या आत जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं, आणि बॅगेतून बदामांबरोबर आलेला जुना सेन्सर त्यावर मांडला गेला. नानांनी मीटर ओहमवर लावला आणि पिना शोधल्या. सून न बोलता आपल्या पदराची काढून देऊ लागली तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला. चमच्याचा दांडा खाचेत घालून नाना सेन्सर फिरवायला लागले. सगळ्यांनी श्वास रोखून काट्याकडं बघितलं, नातीनं सुद्धा. काटा चढला, उतरला. परत चढला. दचकला नाही. नानांनी चमचा ठेवला. "सेन्सर ठणठणीत आहे."

मुलानं बायकोकडं बघितलं. बायकोनं मुलाकडं बघितलं. शेवटी तीच म्हणाली, "नाना, निघायच्या आदल्या दिवशी दिवा परत लागलाय."

मला वाटलं, आता नाना निदान अर्धा तास "बदलून बघू"वर बोलणार. एक शब्द बोलले नाहीत. डायरी ओढली, चष्मा पुसला. "आदल्या दिवशी बर्फ होता? रस्त्यावर मीठ टाकतात ना तुमच्याकडं? मिठाचं पाणी कपलरमध्ये शिरत असणार. नाही तर अर्थिंगच्या नटाखाली. घरातून निघाल्यावर किती वेळानं लागला?"

"अहो नाना, दीड वर्षानं आलोय मी," मुलगा म्हणाला. "परत गेल्यावर फोन करतो ना. सावकाश बघू."

"फोनवर तू खोटं बोलतोस," नाना म्हणाले. "समोर आहेस तोवर विचारून घेतो. हं, सांग. लागला तेव्हा डावीकडं वळत होतास की उजवीकडं?"